डचेस परत कशी आली?

स्कॉटलंडच्या कायद्याचा एकट्या माणसावर विश्वास नाही. दोघांनी सांगितलं तर तो पुरावा, एकाने सांगितलं तर त्या नुसत्या गप्पा. एकाच साक्षीदाराच्या भरवशावर इथे कुणाला शिक्षा करता येत नाही. गुन्हा बाटली चोरल्याचा असो की गळा चिरल्याचा, दोन बाजूंनी पुरावा हवाच. म्हणून ग्रीनॉकचे पोलीस बैलजोडीसारखे दोघे-दोघे फिरतात. एक विचारतो आणि दुसरा ऐकतो. निदान ऐकणं अपेक्षित असतं.

डिटेक्टिव्ह सार्जंट सेंगा मॅकफेल हिच्या वाट्याला दुसरा म्हणून आला होता हवालदार आर्ची पर्डी. आर्ची निवृत्तीला टेकला होता आणि ती झाल्यासारखाच वागत होता. देवाने माणसाला तोंड दिलं ते खायला, आणि जागा उरली म्हणून दोन्ही बाजूंना कान चिकटवले, अशी त्याची मनोमन श्रद्धा होती. सेंगा त्याला सांभाळून घ्यायची. तिचे गुडघे दुखत, त्याची कंबर दुखे. दोघं मिळून एक धडधाकट पोलीस सहज होत असे.

टॅम गेडीज मेला तेव्हा मात्र कायद्याला हवं तसं सगळं जमून आलं. टॅम हा म्हातारा कबुतरबाज. गावाच्या वरच्या अंगाला, पाडलेल्या चाळींच्या जागी जो पडीक माळ आहे, तिथे त्याची पत्र्याने मढवलेली, दुमजली उंचीची ढाबळ होती. त्या ढाबळीतच तो डोकं फुटून पडलेला सापडला. त्याचा भाचा लेनी टेट याच्या स्वेटरवर टॅमचं रक्त होतं. हा झाला एक पुरावा. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईने लेनीला माळावरून पळताना पाहिलं होतं. हा दुसरा. शिवाय लेनी जुना गर्दुल्ला, दोनदा तुरुंगात जाऊन आलेला. नियमाने तो तिसरा पुरावा नव्हे, पण ठाण्यात सगळे मोजताना तीनच मोजत होते.

चीफ इन्स्पेक्टर गॅव्हिन ऑर्मिस्टन तर हरखून गेले होते. ते मुख्यालयातून बदलून आले होते आणि येताना सोबत एक मोठा फळा घेऊन आले होते. त्यावर न सुटलेल्या गुन्ह्यांना लाल चकती आणि सुटलेल्यांना हिरवी. साहेबांना गुन्हेगारांचा विशेष राग नव्हता. राग होता तो लाल रंगाचा.

"एका दिवसात हिरवी!" ते म्हणाले. "उद्या सकाळी पोराला शेरीफ कोर्टात उभं करायचं. फिस्कलबाईंशी बोलणं झालंय माझं."

फिस्कलबाई म्हणजे सरकारी वकील. त्या हो म्हणाल्या की खटला उभा राहतो.

"साहेब, तो खुनी वाटत नाही मला," सेंगा म्हणाली.

"तुला काय वाटतं त्याची चकती नाही आपल्याकडे, सेंगा."

सेंगा खाली कोठडीत गेली. आर्ची मागे होताच, चहाचा कप सांभाळत. लेनी बाकावर पाय पोटाशी घेऊन बसला होता. पुढचे दोन दात गेलेले, त्यामुळे बोलताना तो सवयीने तोंडावर हात धरायचा.

"पळालास का?" सेंगाने विचारलं.

"फोन करायला."

"तुझा फोन कुठे होता?"

"विकला."

"मग केलास फोन?"

"केला की! चिप्सच्या दुकानातून. मामा मेलाय, या म्हणून सांगितलं. तुम्ही आलात आणि मलाच धरलंत. पुढच्या वेळी कुणी मेलं तर मी अग्निशमन दलाला बोलावेन."

"आणि रक्त?"

लेनीने हात तोंडावरून काढला. "मांडीवर घेतलं होतं त्याला. बाई, तुमचा मामा असा पडलेला दिसला तर तुम्ही काय दारातूनच टाटा करता?"

आर्चीचा चहा ओठाशीच थांबला. सेंगा इतकी वर्षं खोटं ऐकत आली होती की खरं कानावर पडलं की तिला जरा दचकायलाच व्हायचं. या पोराला उद्या कोर्टात नेलं की तो पुन्हा बाहेर येणार नाही, हे तिला कळत होतं. त्याच्यासारख्याची बाजू घ्यायला कुणाला सवड होती? एक ती होती. आणि एकीचं काय चालतं, ते कायद्यातच लिहिलेलं आहे.

"चल, आर्ची," ती म्हणाली. "माळावर जाऊ."

"पाऊस आहे, सार्जंटबाई."

"ग्रीनॉक आहे हे. पाऊस नसेल तेव्हा सांग."

माळावर सात-आठ ढाबळी उभ्या होत्या, हिरव्या आणि काळ्या रंगाच्या, एकमेकींकडे पाठ न करता. पाठ करणं परवडणारं नव्हतं. या कबुतरबाजांचा खेळच मुळी एकमेकांची पाखरं पळवण्याचा. आपली देखणी मादी हवेत सोडायची, शेजाऱ्याचा नर भुलून तिच्यामागे आला की वरून जाळीचं दार पाडायचं. किंवा आपला छाती फुगवणारा नर सोडायचा आणि शेजाऱ्याची मादी घरात आणायची. पकडलेलं पाखरू पकडणाऱ्याचं. ते परत मागायचं नाही, त्यावरून भांडायचं नाही, आणि दुसऱ्याच्या ढाबळीत पाऊल टाकायचं नाही. हे तीन नियम कुठे लिहिलेले नव्हते, म्हणून ते सगळे पाळत. लिहिलेल्या कायद्यांबद्दल तशी खात्री देता येत नव्हती.

पहिली ढाबळ शग बॅनरमनची. शग दाण्याची बादली घेऊन दारात उभा होता. चेहरा असा, जणू पोलीस नावाची गोष्ट तो प्रथमच पाहत होता.

"शग, टॅमला कुणी मारलं असेल?"

"कुठला टॅम?"

"टॅम गेडीज. अर्धं आयुष्य शेजारी काढलंत तुम्ही."

"हां, तो टॅम. का, वारला?"

"काल तुमच्या डोळ्यांसमोरून स्ट्रेचरवर नेला त्याला. तोंडावर चादर होती."

"मला वाटलं, दमला असेल."

"काही ऐकलंत? काही पाहिलंत?"

"माझं लक्ष वर असतं, बाई. आकाशात. जमिनीवर काय चाललंय ते बघायला तुम्ही आहात ना?"

बाकीच्यांची उत्तरंही त्याच साच्यातली. एकाला मोतीबिंदू होता, एकाला कमी ऐकू येत होतं. एक तर त्या दिवशी स्पेनमध्ये होता म्हणे, बूट मात्र माळाच्या चिखलाने भरलेले. आर्चीने हळूच विचारलं, "स्पेनमध्ये पण असाच चिखल असतो का हो?" त्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "डोंगराळ भागात."

शेवटची ढाबळ वुली स्ट्रँगची. ती इतरांपेक्षा नीटस होती. दाराला रंग ताजा, खिडकीला पडदा. वुली चर्चमधला मानकरी. पांढऱ्या मिशा कोरलेल्या, गळ्यात टाय. टॅमसाठी पहिलं फुलांचं चक्र त्यानेच पाठवलं होतं. सेंगाच्या वडिलांना, तेही पोलीसच होते, तो ओळखायचा, त्यामुळे तिला 'पोरी' म्हणायचा त्याला हक्क होता आणि तो हक्क तो बजावून घेत असे.

"ये पोरी, भिजू नकोस. आर्ची, तूपण ये. किटली ठेवलेलीच आहे."

दुसऱ्या कुठल्या कबुतरबाजाला त्याने आत घेतलं नसतं. पण पोलीस म्हणजे कबुतरांच्या बाबतीत अडाणी, त्यांच्यापासून काय लपवायचं? आत पेट्यांची रांग होती. मधल्या पेटीत एक मादी बसली होती, निळसर करडी, मानेवर शिंपल्यासारखी चमक. आर्चीने बोट पुढे केलं. तिने ते मन लावून टोचलं.

"आई गं! ही कोण?"

"डचेस," वुली म्हणाला, आणि त्याचा आवाजच बदलला. "माझ्या हातावर वाढली. आजवर कुणाच्या जाळीत गेली नाही माझी डचेस. माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही तिला."

"आणि टॅम मेला त्या दिवशी तुम्ही कुठे होतात, मिस्टर स्ट्रँग?" सेंगाने विचारलं.

"घरी. गुडघे. दिवसभर उशीवर पाय ठेवून बसलो होतो. माळावर आलोच नाही."

जबाब झाला. दोघांनी ऐकला. कायदा तृप्त झाला. इतक्यात रस्त्यावर पावाचे रोल विकणाऱ्याच्या गाडीचा भोंगा वाजला आणि आर्चीच्या डोळ्यांत जे तेज चढलं ते त्याच्या सगळ्या नोकरीत कुठल्या गुन्हेगाराला पाहून चढलं नव्हतं.

"सार्जंटबाई, गाडी आली. चौकोनी सॉसेजवाला संपतो लवकर. तुम्हाला काय?"

आता इथे दोष द्यायचा तर एकट्या आर्चीला देता येणार नाही. सेंगा सकाळपासून उपाशी होती. "अंड्याचा," ती म्हणाली.

आर्ची गेला. वुलीने खिडकीचा पडदा सारून तो रस्ता ओलांडून रांगेत उभा राहीपर्यंत शांतपणे पाहिलं. मग तो सेंगासमोर बसला आणि दोघांच्या कपांत चहा ओतला.

"भाच्याला सोडत नाही ना तुम्ही?"

"उद्या कोर्टात उभा करतात."

"बरं आहे. आत निदान तीन वेळचं जेवण मिळेल त्याला." वुलीने साखर ढवळली. "मीच मारलं टॅमला."

सेंगाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"त्याने पकडली होती डचेसला," वुली म्हणाला. "त्या त्याच्या काळ्या नराने नादाला लावलं तिला. सगळ्यांसमोर पकडली. पेस्लीच्या बाजारात विकणार म्हणाला. मी अंधारून आल्यावर गेलो त्याच्याकडे. आणि मागितली, पोरी. परत मागितली. मी! गुडघ्यावर बसून. गुडघे खरंच दुखतात माझे. तो हसला. इतका हसला की त्याला खोकला आला. खोकत होता तेवढ्यात मी फावडं उचललं. मग तिला कोटात घेतली आणि आलो. फावडं आता क्लाइड नदीच्या तळाशी आहे, शोधत बसू नका, थंडी फार आहे."

"हे मला का सांगताय?"

"कुणालातरी सांगावं तर लागतं. पाद्र्याला सांगितलं असतं तर त्याने मनाला लावून घेतलं असतं." तो पुन्हा खिडकीकडे वळला. "आणि तू एकटीच आहेस, पोरी. एकटीने ऐकलेलं म्हणजे वाऱ्याने ऐकलेलं. तुझ्या बापानेच शिकवलं होतं मला हे. घे, बिस्कीट घे."

आर्ची दोन रोल घेऊन परतला तेव्हा सेंगाचा चेहरा पाहून त्याने पहिलं वाक्य उच्चारलं: "अंड्याचे संपले होते हो. सॉसेजचाच आणलाय."

ठाण्यात ऑर्मिस्टनसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं शांत असणं वाईट असे.

"आणि पर्डी कुठे होता?"

"रोल आणायला गेला होता."

"म्हणजे तू ऐकलंस आणि रोलने ऐकलं."

"साहेब, त्याने स्वतःच्या तोंडाने..."

"तुझ्या एकटीच्या कानात! तो उद्या म्हणेल, बाईंना सांधेदुखी आहेच, आता कानही गेले. आणि कबुली सोडून दुसरं काय आहे तुझ्याकडे? फावडं? नदीत. साक्षीदार? कबुतरं! ती तरी दोन उभी करशील ना?" स्वतःच्या विनोदावर ते खूश झाले. "पोरावर दोन पुरावे आहेत. स्ट्रँगवर एक, तोही अर्धाच. मी शाळेत गणितात बरा होतो, सेंगा. उद्या सकाळी लेनी टेट कोर्टात."

म्हणजे बघा, कायदा किती काटेकोर. निरपराध माणसावर दोन पुरावे होते, म्हणून तो आत. अपराध्यावर एकच होता, म्हणून तो घरी टाय सोडून चहा पीत बसलेला. तराजू अगदी बरोबर होता. फक्त पारड्यांत भलतंच काही पडलं होतं.

सेंगा जिन्यात बसली. आर्ची तिच्याशेजारी, एक पायरी खाली. त्याने खिशातून निम्मा उरलेला रोल काढला, पाहिला, आणि पुन्हा खिशात ठेवला. आर्चीच्या आयुष्यात पश्चात्ताप याहून पुढे कधी गेला नव्हता.

"मी गेलो नसतो तर तो बोललाच नसता," तो म्हणाला.

"माहितीय मला."

"मग तसा दोष माझा नाही ना?"

"तुझाच आहे. गप्प बस, विचार करू दे."

तिने विचार केला. माळावरच्या लोकांना खुनाबद्दल विचारून उपयोग नव्हता. माणूस मेला याचं त्यांना फारसं काही वाटलेलं दिसत नव्हतं. मग त्यांना कशाचं वाटतं? वुलीने कबुली देताना 'मीच मारलं' हे चहा ढवळत सांगितलं होतं. त्याचा आवाज फाटला तो एकाच शब्दावर: मागितली.

ती उठली. "चल. आणि आज संध्याकाळपर्यंत तू माझ्यापासून दोन हातांपलीकडे गेलास तर तुला बेडी घालीन."

शग अजून बादली घेऊन तिथेच होता. सेंगाने खुनाचं नावही काढलं नाही. दाराला टेकून ती म्हणाली, "शग, कबुतरांतलं मला काही कळत नाही. पण ती डचेस काय देखणी आहे हो!"

"आहेच," शग म्हणाला. मग थांबला. "कुठे पाहिलीत?"

"वुलीकडे. मधल्या पेटीत. आज सकाळी."

"नाही पाहिली तुम्ही."

"आर्ची, पाहिली ना रे?"

"पाहिली म्हणजे? टोचली मला!" आर्चीने बोट पुढे केलं. बोटावर लाल खूण होती. "डचेस म्हणाला तो. निळसर करडी. मानेवर चमक."

शगने बादली खाली ठेवली. त्याने दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घातली की मोतीबिंदूवाल्याने दूरवरून अचूक पाहिलं, कमी ऐकू येणाऱ्याने लगेच ऐकलं, आणि स्पेनला गेलेला धावत परत आला.

"डचेस वुलीच्या पेटीत आहे म्हणतात ह्या."

"शक्य नाही," मोतीबिंदूवाला म्हणाला.

"का शक्य नाही?" सेंगाने अगदी भोळेपणाने विचारलं.

आणि मग बांध फुटला. सगळे एकदम बोलू लागले. शक्य कसं असेल? टॅमने पकडली होती ना तिला, मेला त्याच दुपारी! आम्ही सगळे होतो. वुलीपण होता की, स्वतःच्या दारात उभा, तोंड पांढरंफटक पडलेलं. टॅमने छपरावर चढून तिला हातात उंच धरून सगळ्यांना दाखवली. मग ढाबळीच्या दारात येऊन कात्री घेतली आणि आमच्यासमोर तिच्या उजव्या पंखाची पिसं छाटली. नवी मादी घराला रुळेपर्यंत तसंच करतात.

"कदाचित पळून आली असेल," सेंगा म्हणाली. "घराची ओढ."

"छाटलेल्या पंखाने?" शग ओरडला. "मधे रस्ता आहे, कुंपण आहे, त्या वुलीच्या जाळीच्या दाराची उंची बघा! तिने काय बस पकडली?"

"पायी आली असेल," स्पेनवाला कडवटपणे म्हणाला. "पिशवी घेऊन."

"नेली त्याने!" शगने बादलीला लाथ मारली. "टॅमच्या ढाबळीत शिरला आणि पकडलेलं पाखरू परत नेलं! वुली स्ट्रँगने! चर्चमध्ये वर्गणीची थाळी फिरवतो तो!"

सेंगाने आर्चीकडे पाहिलं. आर्ची ऐकत होता. तोंड उघडं होतं, त्यात काही नव्हतं, आणि तो खरोखर ऐकत होता.

"शग," ती म्हणाली, "एवढं सगळं तुम्ही पाहिलंत. आणि सकाळी मला विचारलंत, कुठला टॅम?"

शगला प्रश्नच कळला नाही. "सकाळी तुम्ही खुनाचं विचारत होतात, बाई. खून हा तुमचा मामला. त्यात आम्ही कशाला तोंड घालायचं? हे वेगळं आहे." त्याने टोपी नीट केली. "कुठे सही करायची ते सांगा."

ते सगळे घरी जाऊन चांगले कोट घालून ठाण्यात आले. ऑर्मिस्टनसाहेबांनी आपल्या खोलीच्या काचेतून पाहिलं आणि त्यांना वाटलं, कुणाची तरी अंत्ययात्रा वाट चुकली.

"पक्षी आहे तो," सेंगाचं ऐकून ते म्हणाले. "उडत आला असेल परत. त्यात काय?"

रांगेतून जे हसू उठलं त्याने साहेबांचे कान लाल झाले. शगने पुढे होऊन, लहान मुलाला बेरीज शिकवावी तसं, दोन्ही हातांचे पंख करून दाखवले. मग उजव्या हाताची बोटं मुठीत मिटली आणि पुन्हा फडफड केली. "आता उडा बघू, साहेब."

साहेबांनी उडून दाखवलं नाही. पण त्यांनी पुराव्याच्या खोलीत माणूस पाठवला. टॅमच्या ढाबळीतून तपासनीसांनी काय काय उचलून आणलं होतं. त्यात एका पिशवीवर लिहिलेलं होतं, 'पिसं, बिनमहत्त्वाची'. कबुतरांच्या घरात पिसं सापडली याचं नवल कुणाला वाटणार? निळसर करडी पिसं होती ती. बुंध्याशी कात्रीने सरळ कापलेली.

फिस्कलबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "वुली स्ट्रँगने जबाबात काय सांगितलंय?"

"दिवसभर घरी होता," सेंगा म्हणाली. "आणि डचेस कधीच कुणाच्या जाळीत गेली नाही. हवालदार पर्डी आणि मी, दोघांनी ऐकलंय."

"दोघांनी?"

"दोघांनी. तेव्हा गाडी यायची होती."

वुलीला आणायला गेले तेव्हा तो भांडला नाही. टाय नीट केला, डचेसला स्वतः पिंजऱ्यात ठेवलं, आर्चीच्या हातात पिंजरा देताना म्हणाला, "वाऱ्यात धरू नकोस." खुनाचा आरोप त्याने असा ऐकून घेतला, जसा कुणी हवामानाचा अंदाज ऐकतो. डचेसचा उजवा पंख उलगडून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "वकिलाशी बोलेन." त्याला अजून वाटत होतं की आपण निसटू. आणि कोण जाणे, चांगला वकील मिळता तर निसटलाही असता.

पण ठाण्याच्या व्हरांड्यात कबुतरबाज ओळीने उभे होते. वुलीने सवयीने मान लववली. शगने त्याच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. मग त्याच्या शेजारच्याने. मग सगळ्यांनी, एकामागून एक, ओले कोट वुलीकडे करून. माळावर जे कधी कुणी कुणाला केलं नव्हतं ते त्यांनी भर व्हरांड्यात केलं.

"आधी मागायला गेला असेल," कोणीतरी पुटपुटलं. "भीक मागायला."

वुली जागच्या जागी थांबला.

"मागितली नाही मी!" तो ओरडला. आवाज थेट वरच्या मजल्यापर्यंत गेला. टंकलेखन करणारी मुलगीसुद्धा कठड्याशी आली. "वुली स्ट्रँग कुणाकडे मागत नाही! फावडं घातलं त्याच्या डोक्यात आणि घेतली! ऐकलंत? हिसकावून घेतली मी!"

सगळ्यांनी ऐकलं. आर्चीने ऐकलं, साहेबांनी ऐकलं, लादी पुसणाऱ्या बाईनेही ऐकलं. कायद्याला दोन कान हवे होते, त्याला ग्रीनॉकने अख्खा व्हरांडा दिला. वुलीने मान वर करून सगळ्या पाठींकडे पाहिलं, मग शेवटी सेंगाकडे. त्या नजरेत विनवणी होती. ती काय, ते फक्त तिला कळलं.

"जबाबात काय लिहू?" आर्चीने विचारलं. "मागितली की हिसकावली?"

"तू काय ऐकलंस?"

"हिसकावली."

"मग तेच लिही," सेंगा म्हणाली.

ऑर्मिस्टनसाहेबांनी लाल चकती काढून हिरवी लावली. वार्ताहरांना त्यांनी सांगितलं की पोलिसांना पहिल्यापासून स्ट्रँगवर संशय होता, आणि लेनी टेट याला त्याच्याच सुरक्षिततेसाठी ठेवण्यात आलं होतं. कोठडीला सुरक्षितता म्हणायची ही युक्ती मुख्यालयात शिकवतात.

लेनीला त्याचं सामान मिळालं: पट्टा, बुटांच्या नाड्या, एक लायटर. स्वेटर मिळालं नाही. ते अजून पुरावा होतं. कशाचा, ते कुणी सांगू शकलं नाही. बाहेर पाऊस तिरका येत होता. तो नुसत्या शर्टावर पायरीवर उभा राहिला.

"कुणी माफीबिफी मागणार आहे का?" त्याने विचारलं.

"मी मागते," सेंगा म्हणाली. "बाकीच्यांना वेळ लागेल."

लेनीने तोंडावर हात धरला. "वुलीकाकाने मारलं?"

"हो."

"डचेससाठी?"

"हो."

"मामा म्हणाला होता, ती विकली की तुझे दात बसवू. मी म्हटलं, राहू दे, मला कोण बघतंय." त्याने नाक पुसलं. "नसती विकली तरी चाललं असतं."

सेंगाने आर्चीला गाडी पुढे घ्यायला सांगितली. "चल, घरी सोडते."

"ह्यातून?" लेनी दोन पावलं मागे सरला. "पोलिसांच्या गाडीतून? आमच्या गल्लीत? बाई, लोक म्हणतील खबऱ्या झालो. खुनी म्हणाले तर चालतं तिथे."

"पाऊस बघ केवढा आहे."

"मी चालत जाईन."

तो निघालासुद्धा, खांदे कानांशी लावून. त्याच्या गल्लीपर्यंतचा रस्ता सरळ चढाचा होता. सेंगाने त्या चढाकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांकडे. मग अंगातला कोट काढत ती त्याच्यामागे गेली.

"हा घाल."

"बायकी आहे."

"घाल रे मुकाट्याने."

त्याने घातला. दोघं चढू लागली. मागून आर्ची गाडी पहिल्या गियरमध्ये रखडवत येत होता. वळणावर लेनीने मागे पाहून हात झटकला, "त्याला सांगा ना, अजून मागे राहा म्हणून. दिसतोय!" सेंगाने हात केला. गाडी थांबली. ती दोघं वर चढत राहिली, आणि पहिल्या कठड्याशी पोचल्यावर सेंगाला दम खायला थांबावं लागलं तेव्हा लेनीही थांबला, दुसरीकडे बघत, जणू त्याला स्वतःलाच दम लागला होता.